सोळा अक्षरांचा घास

मानवजातीचा सगळ्यात जास्त वेळ अक्षरं एकेक करून मोजण्यात फुकट चालला आहे, असं अगदी मनापासून मानणारा माणूस सबंध नगर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणायचं, हे मी वर्गात मुलांना बजावून सांगतो, पण दाजींचा विषय निघाला की तोंडात नगरच येतं, कारण दाजी हे प्रकरणच जुन्या घडणीचं आहे. राहायला केडगावात. अंगात इस्त्रीची घडी मोडलेला पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं आणि एक टेस्टर, डोळ्यांवर दोरी बांधलेला चष्मा. रस्त्यात दिसले तर मोटार रिवाइंडिंगवाले वाटतील, आणि वीस वर्षं ते एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनेलच्या तारा जोडत होतेही. पण हे गृहस्थ गेली कित्येक वर्षं कॉम्प्युटरच्या पोटात शिरून तिथल्या अक्षरांना पळायला शिकवताहेत, हे सांगितलं तर त्यांच्या गल्लीतले लोकसुद्धा विश्वास ठेवणार नाहीत. मलाही ते समजायला तीन वर्षं लागली, आणि तेही दाजींनी भुईमुगाच्या शेंगा पुढ्यात मांडून शिकवलं म्हणून.

ते असं. कॉम्प्युटरला एखादं नाव दिलं तर ते किती लांब आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसतं. नाव संपलं याची खूण म्हणून शेवटी एक शून्य ठेवलेलं असतं. तो पहिल्या अक्षरापासून चालायला लागतो आणि शून्य भेटेपर्यंत मोजत राहतो. सी नावाची एक जुनी भाषा आहे, तिच्यात अशी बारीकसारीक कामं आयती करून ठेवलेली असतात. नाव मोजा, नाव शोधा, नाव इकडून उचलून तिकडे ठेवा. या आयत्या कामांच्या साठ्याला लायब्ररी म्हणतात, आणि जगातला जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिथं येऊन हात पसरतो. "आता बघा मास्तर," दाजी एक शेंग उचलून म्हणाले, "ही झाली एक. ही दुसरी. ही तिसरी. असं मोजत बसलं तर मानूस म्हातारा व्हईल. आन् हा बघा आपला हात." त्यांनी मूठभर शेंगा एकदम उचलल्या. "एका घासात सोळा! ह्यात शून्य हाय का? न्हाई. पुढं चला. हाय का? न्हाई. पुढं चला." हे करायचं तर सी भाषा पुरत नाही. प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची एक बोली असते, असेंब्ली म्हणतात तिला, तिच्यात लिहावं लागतं. आणि आमच्या दाजींचं म्हणणं असं, की आपलं एक मराठी अक्षर कॉम्प्युटरला तीन अक्षरांएवढं पडतं, म्हणजे मराठी माणसाचं नाव मोजायला त्याला तिप्पट चालावं लागतं. हा अन्याय दूर करायचा विडा त्यांनी उचलला होता. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

एवढी घाई डोक्यात असलेला माणूस अंगानं किती संथ असावा! दाजी जेवायला बसले की ताई वरणाची आमटी दोनदा गरम करते. त्यांची स्कूटर ताशी वीसच्या वर गेलेली त्या स्कूटरलाही आठवत नसेल. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला केडगावहून राहुरीला यायला निघाले ते पंगती उठून मंडळी बडीशेप चघळत असताना पोचले, आणि जराही ओशाळले नाहीत. "गाडी हळू चालवली तर एकटा मी उशिरा पोचतो," ते पाटावर बसता बसता म्हणाले, "मोजनी हळू चालली तर सगळी दुनिया उशिरा पोचती. फरक हाय." यावर व्याही मंडळींनी आदरानं मान डोलावली. त्यांना वाटलं, अध्यात्मातलं काहीतरी आहे.

तो गैरसमज होण्याला आणखीही एक कारण होतं. ज्या प्रोसेसरवर दाजी काम करत होते, त्याचं माहितीपुस्तक काही हजार पानांचं होतं. ते त्यांनी नगरात छापून घेतलं, बाइंडरकडून चार खंडांत बांधून घेतलं आणि शाळेच्या पुस्तकांसारखी खाकी कव्हरं घालून देवघराच्या शेजारच्या फळीवर ठेवलं, कारण घरात कोरडी जागा तेवढीच होती. ताई दसऱ्याला त्या चारही खंडांना हळदकुंकू वाहते. एकदा जामखेडकडची एक वृद्ध चुलतआत्या आली, तिनं येता येताच त्या खंडांपुढे डोकं टेकलं आणि विचारलं, "कंच्या महाराजांची पोथी म्हनायची?" दाजी खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, "आत्या, महाराज कोन ते म्हाईत न्हाई, पन रोज वाचतो आन् रोज नवीन काहीतरी सापडतं." आत्याचं समाधान झालं.

प्रोसेसरांबद्दल ते बैलांबद्दल बोलावं तसं बोलतात. हा गडी ताकदीचा आहे पण नाठाळ आहे. हा गरीब आहे, याला ओझं सरळ रेषेत ठेवलेलं लागतं, वाकडं ठेवलं की अडतो. ताईचं शिलाई मशीन एका कोपऱ्यात सरकवून त्या टेबलावर त्यांनी प्रोसेसर बसवलेले हातभर बोर्ड मांडले होते. त्यांवर एकच मोजणी लाखो वेळा पळवायची आणि किती वेळ लागला ते वहीत लिहायचं. ही मोजणी चालू असताना घरात मिक्सर लावायला बंदी. एका वैशाखात दुपारचे आकडे सकाळच्या आकड्यांशी जुळेनात. दाजींनी आठ दिवस, आधी मिक्सरला, मग फ्रिजला, मग वीज मंडळाला दोष दिला. शेवटी ताईच म्हणाली, "अहो, वर पत्रे तापलेत, तुमच्या त्या पाटीला ऊन लागत असंल." तसंच होतं. बोर्ड तापले की हळू चालत होते. त्या दिवसापासून बोर्ड माठाशेजारी गेले आणि ताईला घरात शास्त्रज्ञाचा मान मिळाला, तो अजून आहे.

या सगळ्यात माझं काम इंग्रजीचं. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. दाजींना असेंब्ली येते पण "ऑब्लाइज" कुठे वापरायचं ते येत नाही. त्यांनी आपलं नाव-मोजणीचं काम जगभर फुकट वापरल्या जाणाऱ्या एका लायब्ररीला द्यायचं ठरवलं तेव्हा तिथल्या जाणत्यांशी पत्रव्यवहार माझ्याकडे आला. त्या जाणत्यांत एक जर्मन गृहस्थ होते. त्यांना दाजी सासरेबुवा म्हणत, कारण त्यांचं समाधान होत नसे. इथं जागा का सोडली, तिथं जागा का सोडली नाही, हा आकडा कुठून आला. सात महिने हे चाललं. मी प्रत्येक पत्र "आपल्या कृपापत्राबद्दल आभारी आहे" असं सुरू करायचो आणि दाजी ते वाक्य खोडायला लावायचे. "मास्तर, त्यात माहिती न्हाई. ज्यात माहिती न्हाई ते काढायचं." शेवटी एके दिवशी सासरेबुवांनी एका ओळीत मान्यता दिली, आणि दाजींचं नाव, आडनावासकट, त्या लायब्ररीच्या बदलांच्या यादीत लागलं. ताईनं गल्लीत पेढे वाटले. का वाटले ते गल्लीला कळलं नाही, पण पेढे सगळ्यांनी खाल्ले.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

दाजी त्या वेळी नगरातल्या एका लहानशा कंपनीचं काम बघायचे. ती कंपनी खेड्यांतल्या डेअरीसाठी यंत्रं बनवत असे. बाई दुधाची किटली घेऊन आली, सभासद नंबर सांगितला, की यंत्र तिचं नाव शोधतं आणि दुधाचं माप, फॅट, सगळं छापून एक चिठ्ठी बाहेर काढतं. यंत्रांची नवीन खेप निघाली, तिच्यात ती जगभराची लायब्ररी होती, म्हणजे दाजींचा सोळा अक्षरांचा घास होता. चिठ्ठ्या भराभर निघायला लागल्या. दाजी खूश. आणि मग पाथर्डीच्या पलीकडच्या एका गावाहून फोन आला. तिथली डेअरी सुनीता नावाची एक बाई चालवायची. ती म्हणाली, "काका, एक इचारायचं हुतं. आमच्याकडं भागाबाईचं नाव आलं की मशीन मरतंय."

मरतंय म्हणजे खरोखरच मरत होतं. पडदा काळा, आणि पुन्हा जिवंत व्हायला दहा मिनिटं. तोवर मागं वीस किटल्यांची रांग, आणि दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवतोय. बाकी कोणाच्याही नावानं काही होत नव्हतं. फक्त चंद्रभागाबाई. गावानं तिला आधी रांगेत शेवटी उभं केलं. मग कोणीतरी म्हणालं, बाईला साडेसाती असणार. ती बिचारी एसटीनं शनिशिंगणापूरला जाऊन तेल वाहून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन पुन्हा मेलं. शेवटी सुनीतानं दाजींना तो फोन केला, दाजींनी कंपनीत कळवलं, आणि कंपनीच्या साहेबांनी दोन मिनिटांत तोड काढली. नाव आखूड करा. यादीत चंद्रभागाबाई, पुढं नवऱ्याचं नाव, पुढं आडनाव असं सगळं लिहिलं होतं, ते काढून नुसतं "भागा" लिहिलं. मशीन सुरळीत चाललं. चिठ्ठी निघाली. सुनीतानं ती वाचून दाखवली, तर म्हातारीनं चिठ्ठी परत तिच्या हातात ठेवली. "ही कोन भागा?" ती म्हणाली. "तिला दी." आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं डेअरीत दूध आणणंच बंद केलं.

हे ऐकल्यावर साहेब म्हणाले, विषय संपला. दाजी म्हणाले, विषय आता सुरू झाला. मी त्यांना इतकं ताठ झालेलं कधी पाहिलं नव्हतं. "नाव तोडायचं न्हाई," ते साहेबांना फोनवर म्हणाले. "मशीन नावासाठी हाय, नाव मशीनसाठी न्हाई. मला पंधरा दिवस द्या." पंधरा दिवसच होते. सुनीतानं सांगितलं होतं, की दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. भागाबाई दर वर्षी जायची. यंदा पहिल्यांदाच गाय घेऊन घरी राहणार होती, आणि दूध जर घालायचंच नसेल तर पुन्हा फडात जाईन म्हणत होती. मुकादमाचा निरोप येऊन पोचला होता.

दाजींना आधी वाटलं, नाव लांब आहे म्हणून होत असणार. आखूड केल्यावर चालतं, यावरून तेच दिसत होतं. म्हणून ते लांब नावांच्या मागे लागले. त्याच आठवड्यात आमच्या एका नातलगाची वास्तुशांत होती. दाजी वही घेऊन दारात उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, "संपूर्ण नाव सांगा. आडनावासकट." निम्म्यांना वाटलं आहेराची नोंद चालली आहे, निम्म्यांना वाटलं जनगणना आली. एका उपवर मुलीच्या बापानं स्वतःच्या नावाबरोबर मुलीची उंची आणि शिक्षणही सांगून टाकलं. त्या वहीतून दाजींनी जिल्ह्यातली लांबात लांब नावं गोळा केली आणि कंपनीनं तपासायला दिलेल्या घरच्या यंत्रात घातली. भागाबाईच्या नावाच्या दुप्पट लांबीची नावं होती. यंत्र एकदाही मेलं नाही. भागाबाईचं नाव घातलं, तेही सरळ छापून आलं. दाजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हितं मरत न्हाई," ते म्हणाले. "मास्तर, सुट्टी हाय ना तुमाला? तितं जाऊ."

गेलो. स्कूटरवर. सकाळी आठाला निघालो ते दुपारी दोन वाजता पोचलो. वाटेत एका म्हशीनं आम्हाला मागे टाकलं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. करंजीचा घाट चढताना मी उतरून चालत होतो आणि वर जाऊन दाजींची वाट बघत होतो. पुढं रान उघडं होत गेलं, बाजरीची काढलेली शेतं, मध्येच एखादी पेंढ्यांची गंजी. डेअरी म्हणजे पत्र्याची एक खोली. सुनीता वाटच बघत होती. तिनं भागाबाईलाही बोलावून ठेवलं होतं. किरकोळ अंगाची, साठीच्या आतबाहेरची बाई, हाताच्या पंजांवर कोयत्याचे जुने वण. ती दारातच बसली, आत यायला तयार नव्हती. मी म्हटलं, "आजी, नाव थोडं आखूड केलं तर काय बिघडतं? दूध तर तुमचंच." असं म्हणायला नको होतं.

"मास्तर," ती म्हणाली, "पंचवीस वर्सं कारखान्यावर गेल्ते मी. तितं नवरा-बायकू मिळून एक कोयता. मुकादम म्हनायचा, आठ कोयते आले, नऊ कोयते आले. नवरा गेला, तवा पोराबरूबर कोयता झाले. मला नावानं कोनी हाक मारली? गाय घेतली, हितं नंबर काढला, आन् पयल्या चिठ्ठीवर ह्या सुनीतानं वाचलं, चंद्रभागाबाई, मालकाचं नाव, आडनाव, समदं. त्या चिठ्ठ्या मी डब्यात ठिवल्यात. आन् तुमी म्हंता तोडा."

दाजींनी यंत्राचं झाकण उघडलं, आपला लॅपटॉप जोडला आणि तिचं पूर्ण नाव पुन्हा यादीत घातलं. नंबर दाबला. पडदा काळा. दहा मिनिटं थांबले, पुन्हा केलं. पुन्हा काळा. यंत्र तेच, प्रोग्रॅम तोच, नाव तेच, मग केडगावात का मरत नाही? केडगावची यादी दाजींची होती, इथली गावाची. एवढाच काय तो फरक. दाजी ती यादी वरून खाली वाचत गेले. भागाबाई अगदी तळाशी होती, कारण ती सगळ्यांत शेवटी सभासद झाली. मग दाजींनी एक विचित्र गोष्ट केली. यादीतलं सगळ्यात वरचं, एक नंबरचं नाव काढून टाकलं.

सुनीता किंचाळलीच. "अहो काका, चेअरमन हायेत ते!"

"परत घालतो," दाजी म्हणाले आणि भागाबाईचा नंबर दाबला. यंत्रानं कर्र आवाज केला आणि चंद्रभागाबाईच्या पूर्ण नावाची चिठ्ठी बाहेर आली. चेअरमनना परत आणलं, यंत्र मेलं. चेअरमनना पुन्हा काढलं, यंत्र चाललं. दारातून भागाबाई हळूच म्हणाली, "म्हंजी साडेसाती चेअरमनला हाय व्हय?"

सुनीता पदर तोंडाला लावून हसत होती, मी हसत होतो. दाजी हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. ते खुर्चीवर मागं टेकून बसले. मग म्हणाले, "नावात काही न्हाई. नाव कुठं उभं हाय, त्यात हाय. आन् चूक कंपनीची न्हाई, मशीनची न्हाई. माझी हाय."

मग त्यांनी ते भागाबाईला समजावून सांगितलं. मला नाही, तिला. कॉम्प्युटरची जागा म्हणजे शेताचे तुकडे. प्रत्येक तुकड्याला बांध. या गावची यादी नेमकी अशी भरली होती, की शेवटचं नाव बांधाला अगदी चिकटून संपत होतं. बांधापलीकडची जमीन आपली नाही, तिथं हात घातला की कॉम्प्युटर प्रोग्रॅमला जागच्या जागी मारून टाकतो. एकेक अक्षर मोजणारा जुना गडी शून्य दिसलं की थांबायचा, बांधाच्या अलीकडे. पण दाजींचा गडी एका घासात सोळा उचलतो. शून्य समोर होतं, पण उरलेला घास पलीकडच्या शेतात पडत होता. वरचं एखादं नाव काढलं किंवा खालचं आखूड केलं, की यादी बांधापासून थोडी मागं सरकायची आणि सगळं ठीक दिसायचं.

भागाबाईनं सगळं ऐकून घेतलं. पिढ्यान्पिढ्या बांधावरून भांडणारा मुलूख आमचा, तिला ते माझ्या आधी समजलं. "मंग हात आखडता घ्या," ती म्हणाली.

"तसंच करतो," दाजी म्हणाले.

ते तिथंच वही मांडून बसले. संध्याकाळच्या किटल्या यायला लागल्या, बायका चिठ्ठ्या घेऊन जात होत्या आणि चष्मा घातलेला हा पाहुणा जमिनीवर बसून काय लिहितोय ते वाकून बघत होत्या. उपाय म्हटला तर सोपा होता. नाव जिथं सुरू होतं तिथून घास घ्यायचा नाही. थोडं मागं सरकायचं, आपल्याच शेतात, जिथून सोळा-सोळाचे घास बरोब्बर बांधाशी संपतील अशा जागी उभं राहायचं. मग मागच्या नावाची जी अक्षरं मुठीत येतील ती टाकून द्यायची आणि पुढं मोजायचं. दाजींनी तो लिहिला, यंत्रात घातला, चेअरमन जागेवर, भागाबाई जागेवर. तिची किटली सगळ्यांत शेवटी आली, सवयीनं. सुनीतानं नंबर दाबला. कर्र. म्हातारी चिठ्ठी हातात धरून म्हणाली, "वाच." सुनीतानं पूर्ण नाव वाचलं. "आजून एकदा," म्हातारी म्हणाली. सुनीतानं पुन्हा वाचलं. कोणी घाई केली नाही. त्या वर्षी भागाबाई टोळीबरोबर गेली नाही.

माझी खरी परीक्षा पुढं होती. ही चूक आता जगभरच्या लायब्ररीत दाजींच्या नावानं बसली होती. कोणाच्या तरी यंत्रात, कुठल्या तरी देशात, एखादं नाव बांधाला टेकून उभं असणार. केडगावला परतल्यावर मी पत्राचा मसुदा केला, "काही अपवादात्मक परिस्थितींत अनपेक्षित वर्तन आढळून आले असून" असा. दाजींनी तो वाचला आणि म्हणाले, "कोनाचं वर्तन?" मग मसुदा माझ्यापुढं सरकवला. "लिवा, चूक माझी हाय. मी हद्दीच्या पलीकडं वाचलं. दुरुस्ती सोबत जोडली हाय." मी म्हटलं, "दाजी, सात महिन्यांनी मिळालेलं नाव आहे. जरा जपून लिहू." ते म्हणाले, "नाव माझं हाय म्हनूनच. दुसऱ्याचं असतं तर जपून लिवलं असतं."

सासरेबुवांचं उत्तर आलं. त्यात ओरडा नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, की हे माझ्याही नजरेतून सुटलं, आणि आता एक चाचणी लिहून द्या, म्हणजे पुन्हा कोणाकडून होणार नाही. दाजींनी लिहिली. त्या चाचणीत एक नाव बांधाला टेकून उभं करायचं असतं. तिथं त्यांनी देवनागरीत चंद्रभागाबाई घातलं. नाव पूर्ण घालू का, म्हणून सुनीतामार्फत विचारलं, तर निरोप आला, नुसतं चंद्रभागाबाई चालेल, मालकाला कशाला परदेशात नेता. दुरुस्तीमुळे वेग किंचित कमी झाला. आखूड नावं मोजायला आता एक पायरी जास्त लागत होती. ती परत मिळवायला दाजी पुढे पाच महिने त्या टेबलाशी बसले होते. थोडी मिळवली, सगळी नाही. वहीत त्यांनी तो आकडा लिहून खाली रेघ मारली.

गेल्या उन्हाळ्यात मी केडगावला गेलो तेव्हा एक पत्र येऊन पडलं होतं. दाजींनी ते माझ्यासाठी राखून ठेवलं होतं, कारण उत्तर इंग्रजीत द्यायचं होतं. लायब्ररीतल्या एका नव्या, तरुण गृहस्थानं लिहिलं होतं, की तुम्ही ज्या प्रोसेसरसाठी हे लिहिलंत तो आता कोणी बनवत नाही. नवे एका घासात चौसष्ट उचलतात. तेव्हा तुमचा भाग काढून टाकण्याचा विचार आहे, आपली काही हरकत आहे का? पत्र फार अदबीनं लिहिलेलं होतं. सासरेबुवांची सही कुठं दिसली नाही. ते निवृत्त झाले असावेत.

ताईनं चहा ठेवला. मी लॅपटॉप ओढून बसलो आणि विचारलं, "काय लिहू?" दाजींनी पत्रासोबत आलेलं त्या तरुणाचं काम उघडलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "हे मला सुचलं नसतं." बाहेर पुणे रस्त्यावरून ट्रकमागून ट्रक चालले होते.

"लिवा," ते म्हणाले. "हरकत न्हाई. काम चांगलं हाय."

मी दोन वाक्यं लिहिली. या वेळी आभाराचं वाक्य घालायचं माझ्याही मनात आलं नाही. "पाठवू?"

"पाठवा."

मी बटण दाबलं. दाजींनी कप उचलला होता, तो तसाच हातात राहिला.

"गेलं?"

"गेलं."

"एवढ्या लौकर," ते म्हणाले, आणि कप बशीत ठेवून बोटानं चष्म्याची दोरी सारखी करत राहिले.